पाणी सांगणारं घर

आमच्या विहिरीला आता जाळी आहे, जाळीला कुलूप आहे आणि कुलपाची किल्ली माझ्या धाकट्या भावाच्या, बाळूच्या, करदोट्याला आहे. शिमग्यानंतरच्या मंगळवारी कराडहून विट्यामार्गे मी माहेरी पोचले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि सवयीनं आधी विहिरीकडं गेले. जाळीला नाक लावून आत बघायला लागले तर रंगाचा आणि लोखंडाचा वास आला. ओल्या दगडाचा नाही, शेवाळाचा नाही, उदाचा तर नाहीच. साठी उलटलेली बाई मी, पण तिथं उभ्या उभ्या रडू आलं, आणि मग स्वतःचाच राग आला. रडायला काय झालं होतं? विहीर तर काठोकाठ भरलेली होती. शिमग्यात भरलेली विहीर आमच्या गावात मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

कराडात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर दोन नद्या एकमेकींच्या गळ्यात पडतात. चाळीस वर्षं मी त्या गावात नांदतेय, तरी नळ सोडून भांडी घासणाऱ्या सुनेकडं बघितलं की मी जाऊन नळ बंद करते. ती म्हणते, "आई, भरपूर पाणी आहे की." आहे गं बाई. पण भरपूर हा शब्द आम्ही उन्हाला वापरायचो. आमचं गाव जतच्या अंगाला, कुसळाच्या माळावर. तिथं पाण्याला भरपूर कुणी म्हणत नसे. पाणी किती आहे हे आमच्याकडं आपलं आपण बोलायचंच नसायचं. ते सांगणारं घर वेगळं होतं.

ती पायविहीर. एक्केचाळीस पायऱ्या. तोंडाशी लिंबाच्या सावलीत पीरसाहेबांची कबर, तिच्यावर हिरवी चादर. आत उतरलं की डाव्या भिंतीत कोनाडा, आणि कोनाड्यात शेंदूर माखलेले सात दगड, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी, साती आसरा. आसरांची पूजा आमच्या घरी, कारण आम्ही गुरव. पीराचा दिवा मुलाण्याच्या घरी. विहीर आधी कुणाची, पीराची की आसरांची, हे विचारायचं आमच्या गावात कुणाला सुचलं नव्हतं. गुरुवारचा आमचा नैवेद्य आधी पीराला जायचा. आसरांच्या समईचं तेल मुलाण्याच्या बुधल्यातून यायचं, आणि ते संपलं की आई मला पिटाळायची, "जा, चाचाकडनं देवीचं तेल घिऊन ये." चाचा म्हणजे हुसेन मुलाणी. उंच, सडपातळ, कायम अनवाणी. त्यांच्या पायाच्या टाचा विहिरीच्या दगडासारख्याच झाल्या होत्या.

त्यांची एकुलती लेक जैतून माझ्या वयाची. आम्ही दोघी एका कळशीला दोन हात लावून वाढलो.

विहिरीच्या काही पायऱ्यांना नावं होती. वरची पीराची. कोनाड्याशेजारची आसरांची. तिच्याखाली बरीच उतरून परटिणीची. पाणी परटिणीच्या पायरीवर आलं की त्या दिवसापासून विहिरीवर धुणं बंद, सगळी धुणी ओढ्यातल्या झऱ्यावर. तिच्याखालची बाळंतिणीची. पाणी तिथवर उतरलं की घरटी दोनच घागरी, आणि जिच्या घरी बाळंतीण असेल तिला तीन. सगळ्यात खालची मुकी. तिथं पाणी गेलं की फक्त पिण्यापुरतं न्यायचं, आणि भरताना कुणी कुणाशी बोलायचं नाही, म्हणजे भांडायचंही नाही. ही नावं कुठं लिहिलेली नव्हती. ती आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती.

शिमग्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मोठं पाणी सांगणं व्हायचं. मग मृग निघेपर्यंत दर गुरुवारी छोटं. मोठ्या सांगण्याच्या आदल्या दिवशी घरटी एक माणूस विहिरीत उतरून गाळ काढायचं. पाटलाच्या घरचं, महारवाड्यातलं, कुणालाच सूट नव्हती. तो काळा, गार, कुजक्या पानांच्या वासाचा गाळ पाट्यांतून वर यायचा आणि आम्ही पोरी त्याची चूल-भांडी करून खेळायचो. दुसऱ्या दिवशी चाचा काहीही न खाता-पिता यायचे. माझे वडील, आप्पा, चाचांच्याच घरची पितळी थाळी भरून त्यांच्या हातात द्यायचे. थाळीच्या एका कडेला पोचा होता, तो कुणाच्या काळातला कुणास ठाऊक. थाळीत आसरांसाठी खण, नारळ, हळदकुंकू. पीरासाठी गूळ घालून कुस्करलेल्या चपात्यांचा मलिदा आणि धुमसणारा ऊद. गुरवानं आसरांच्या पायरीखाली उतरायचं नाही, असा नेम. म्हणून आसरांची ओटी पाण्यापर्यंत न्यायचा मान मुलाण्याचा. काठावर अख्खं गाव दाटायचं आणि चाचा एकटे, थाळी छातीशी धरून, एकेक पायरी पायानं चाचपत खाली जायचे. ऊद वर येत राहायचा. चाचा दिसेनासे झाले तरी तो वास सांगायचा की अजून उतरतायत.

मग खालून हाक यायची. विहिरीत घुमून मोठी झालेली. "परटीऽऽण!" आप्पा कोनाड्यापाशी उभे राहून तीच हाक वर फेकायचे, "परटीऽऽण!" आणि काठावरचं गाव एका तोंडानं म्हणायचं, "ऐकलं!" असं तीन वेळा. तिसऱ्यांदा "ऐकलं" म्हटलं की तो कायदा. त्यावर वाद नाही. एका साली पाटलांच्या थोरल्याचं लग्न काढलेलं आणि नेमकी "बाळंतीण" आली. पाटील घटकाभर मिशीवरून हात फिरवत बसले आणि मग नवरीच्या गावाला मांडव घाला म्हणून निरोप धाडला. पाटलांच्या वाट्यालाही दोनच घागरी होत्या.

मी नऊ वर्षांची असेन. त्या वर्षी मोठ्या सांगण्याला जैतून आणि मी हळूच आसरांच्या कोनाड्याशी जाऊन बसलो होतो. आप्पांनी डोळे वटारले, पण हाकललं नाही. तिथून खाली वाकून बघितलं की पाणी दिसायचं. परटिणीच्या पायरीला पाणी चाटत होतं, आम्ही दोघींनी आमच्या डोळ्यांनी बघितलं. जैतूननं माझ्या कानात सांगितलंसुद्धा, "परटीण." आणि खालून चाचांची हाक आली, "बाळंतीऽऽण!"

जैतूननं माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी पिचली. मी आप्पांकडं बघितलं. आप्पा तिथंच उभे होते, त्यांना आमच्यापेक्षा चांगलं दिसत होतं. त्यांच्या तोंडावरची रेघ हलली नाही. त्यांनी मान वर केली आणि हाक दिली, "बाळंतीऽऽण!" वर गाव म्हणालं, "ऐकलं!"

पीराचा माणूस आणि देवीचा माणूस, दोघे मिळून देवादेखत खोटं बोलले होते. आम्ही दोघी दोन दिवस जेवलो नाही नीट. पाणी आटणार, आसरा कोपणार, चाचांना काहीतरी होणार, या भीतीनं जैतूनला ताप भरला. शेवटी तिनं बापाला विचारलंच. मी दारात उभी होते. चाचा पायाच्या भेगांना मेण लावत बसले होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पाणी कमी सांगितल्यालं चालतंय पोरी. जादा सांगितल्यालं चालत न्हाई."

त्या साली चाचांनी मृगापर्यंत दर गुरुवारी कडक उपास धरले. आणि आमच्या आप्पांनी, ज्यांचा चहाशिवाय दिवस उजाडत नसे, चहा सोडला. आई विचारून दमली. आप्पा म्हणाले, "हुसेननं एकट्यानं का फेडायचं?" आईला काही कळलं नाही. मृग कोरडा गेला त्या वर्षी, आर्द्राही निम्म्या गेल्या. आजूबाजूच्या गावांतल्या बायका घागरी घेऊन आमच्या शिवेवर उभ्या राहिल्या. आमच्या विहिरीत मुक्या पायरीवर शेवटपर्यंत पाणी होतं, थोडं, गढूळ, पण होतं.

हे सगळं जाळीला नाक लावून उभी असताना आठवत होतं, तेवढ्यात मागून हाक आली. "आलीस व्हय गं?"

जैतून. डोळ्याला हिरवा चष्मा. एका डोळ्याचा मोतीबिंदू मिरजेला काढलेला, दुसऱ्याचा अजून आहे. हातात काठी. मी हातातली पाण्याची बाटली पुढं केली तर हसली. "रोजा हाय न्हवं. यंदा शिमगा रमजानात आलाय." तिचे ओठ कोरडे पडले होते. चाचांनंतर तिचा नवरा पाणी सांगायचा, ते मला माहीत होतं. तो वारला त्याच वर्षी योजनेचं पाणी पाइपानं गावात आलं, आणि मग सांगणं बंदच पडलं. आता तिच्या घरात सांगणारं तीच एक उरली. पोरगा मिरजेला दवाखान्यात कामाला, त्याला पायऱ्यांची नावंही येत नाहीत.

"गुरवारी तुमच्या बाळूच्या कमिटीनं कार्यक्रम ठिवलाय," ती म्हणाली. "सांगलीसनं गुरुजी येणार, मोठी पूजा हाय. माजं काय म्हणणं न्हाई. होऊ दे पूजा. पर एकदा मला बापाची थाळी घिऊन उतरू दे म्हणावं. एकदाच. मग थाळी तुमच्या देवळात ठिवा न्हाईतर मोडीत घाला." मग म्हणाली, "तू गुरवाची लेक. तू बोललीस तर आयकतील. आता बघितल्यालं दुसरं कोण ऱ्हायलंय?"

मी म्हटलं, "बोलते की. त्यात काय?" इतक्या सहज म्हटलं.

विहीर भरण्याची कल्पना माझ्या भावाची. हे मला घरी आल्यावर कळलं. बाळू वाईट नाही. आसरांची पूजा आता तो करतो, मनापासून करतो. योजनेच्या पाण्याला त्यानं पाइप जोडून घेतला आणि विहिरीत सोडला. मी विचारलं, "कशासाठी रे?" तर त्याचे डोळे भरून आले. "आक्का, आपल्या देवीनं जलमभर आटल्यालं बघितलं. एकदा तरी भरल्यालं बघू दे की तिला." मी म्हटलं, "अरे, पण तिचा कोनाडाच बुडाला त्यात." तो म्हणाला, "आसरा पाण्यातच असत्यात न्हवं?" वर मांडवात संगमरवराच्या नव्या आसरा बसवल्यात. सातही बहिणींची तोंडं एकाच साच्यातली. खाली गाळ कुणी काढत नाही, झरे बुजले असतील. ते पाणी कुणी पीत नाही. पिण्याचं पाणी निळ्या जारमधून येतं. विहीर फक्त भरलेली असते.

जैतूनचं सांगितलं तसा बाळू जेवता जेवता थांबला. जैतूनच्या मांडीवर खेळलेला पोरगा तो. तिनं त्याला पाठकुळी घेऊन एक्केचाळीस पायऱ्या चढवल्यात. "आक्का," तो म्हणाला, "तू दोन दिसांची पावणी. शुक्रवारी एस्टीत बसून जाशील. मला हितंच ऱ्हायाचंय. आन् तिलाबी हितंच ऱ्हायाचंय. दिवस बरं न्हाईत. भर सभेत तिला कोण काय वंगाळ बोललं, तर त्ये मी त्याच्या तोंडात परत कसं घालू?" मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या ताटातला भात तसाच राहिला.

बुधवारी सकाळी मांडवात भोंगा लावून बैठक झाली. मी बायकांत बसले. वाक्य तयार होतं माझं: पाणी सांगायचा मान जैतूनच्या घराचा आहे, मी गुरवाची लेक, मी बघितलंय. इवलंसं वाक्य. पूजेची वेळ ठरली, महाप्रसाद ठरला, फ्लेक्सवर कुणाचे फोटो यावर बरीच चर्चा झाली. एक म्हातारा म्हणाला, "पूर्वी पाणी सांगायचं असायचं, मुलाणी सांगायचा." त्यावर एक तरणा पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "आवं आबा, आता मोटर हाय. सांगायचं काय त्यात?" दुसरा कुणीतरी मागून म्हणाला, "आन् आपल्या पूजेत त्यांचं काय काम?" हसला नाही कुणी, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. बाळू जमिनीकडं बघत होता. अध्यक्षानं विचारलं, "अजून कुणाचं काय म्हणणं?"

मी पदर सारखा केला. घसा खाकरला. बाळूनं एकदाच माझ्याकडं बघितलं. आणि मी नुसती बसून राहिले. आयुष्यभर शाळेत पोरांना ताठ उभं राहून उत्तर द्यायला शिकवलेली बाई मी. "न्हाई," असं सगळे म्हणाले आणि बैठक उठली. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

जैतूनला जाऊन काय सांगायचं, हा प्रश्न तिनंच सोडवला. मी दारात गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मला भोंग्यावर सगळं आयकू आलं." तिच्या घरातल्या कोनाड्यात थाळी घासून ठेवली होती. चिंचेनं घासलेली, लख्ख. तिच्या पोच्यात ऊन पडलं होतं.

गुरुवारी पूजा झाली. गुरुजी चांगले होते, मंत्र स्वच्छ म्हणत होते, त्यांना काय माहीत? बायका नटून आल्या होत्या. पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या, वरून फोटो काढले. भरलेली विहीर फोटोत फार सुंदर आली, ते खोटं कशाला बोलू? मग पंगती बसल्या. बाळू घरात आला, झाकलेलं ताट ओट्यावर ठेवलं, "ह्ये जैतूनआक्काला दे, रोजा सुटल्यावर खा म्हणावं." मग करदोट्याची किल्ली सोडून ताटाशेजारी ठेवली. "माणसं जेवाय बसल्यात. तासभर तिकडं कोण फिरकायचं न्हाई. जावा दोघी." आणि माझ्याकडं न बघता बादली घेऊन वाढायला गेला.

जैतून तयारच होती म्हणायची. मी फक्त किल्ली दाखवली. तिनं थाळीत खण-नारळ ठेवला, मूठभर मलिदा कुस्करला, ऊद पेटवला. पायातल्या चपला लिंबाखाली काढल्या, पीराच्या कबरीला हात लावला. मी कुलूप काढलं. जाळी उचलायला दोघींचे चार हात लागले. मांडवातून भोंग्यावर गाणी चालू होती.

ती उतरली. पायानं चाचपत, अगदी चाचांसारखी. पहिली पायरी. पीराची. दुसरी. तिसरीवर तिचा पाय पाण्यात गेला आणि ती थांबली.

"एवढंच व्हय?" तिनं विचारलं.

"एवढंच," मी म्हटलं.

किल्ली मिळाली होती, पण उतरायला काही उरलंच नव्हतं. आसरांची, परटिणीची, बाळंतिणीची, मुकी, सगळ्या पायऱ्या त्या हिरव्या, उपऱ्या पाण्याखाली. ती बराच वेळ पाण्यात पाऊल हलवत राहिली, खालचं काही पायाला लागावं तसं. मग वाकून तिनं ओटी पाण्यात सोडली. खण पसरला, पाकळ्यांत अडकून तिथंच राहिला. पीराचा मलिदा तिनं वरच्या पायरीवर ठेवला.

"तू वर जा," ती म्हणाली. "गुरव वर असतोय."

मी वर गेले. आप्पांची जागा पाण्यात बुडालेली, म्हणून काठावरच उभी राहिले. जैतूननं चष्मा काढला, तोंड पाण्याकडं केलं आणि हाक दिली, "बाळंतीऽऽण!" आवाज घुमला नाही. भरलेल्या विहिरीत आवाज घुमत नाही, हे मला तेव्हा कळलं. आता माझी पाळी होती. मी मांडवाकडं बघितलं, पंगतीतली माणसं दिसत होती. आणि मी "बाळंतीण" म्हटलं, पण इतकं हळू की ते लिंबाच्या पलीकडं गेलं नाही. तिनं तीनदा हाक दिली. मी तीनदा पुटपुटले. तिकडं भोंगा वाजत होता, कुणीतरी आणखी भात मागत होतं.

जैतून खाली तशीच उभी राहिली. तोंड वर केलेलं, कान इकडं लावलेले. दिसत तर तिला धड नव्हतंच. थोड्या वेळानं म्हणाली, "भोंग्यात आयकू आलं न्हाई गं मला. कोण 'ऐकलं' म्हणालं का?"

चाचा म्हणाले होते, कमी सांगितलेलं चालतं, जादा सांगितलेलं चालत नाही.

"म्हणाले," मी सांगितलं. "सगळे म्हणाले."